देवघरातला अमोनाइट: कच्छच्या चुनखडकातल्या एका नमुन्याची ओळख आणि वय कसं ठरलं

पार्श्वभूमी

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. दख्खनच्या लाव्हानं झाकलेल्या या प्रदेशात ज्युरासिक काळातला सागरी चुनखडक उघडा दिसत नाही. त्यामुळे आपल्या महाविद्यालयांत भूविज्ञानाच्या तासाला जे अमोनाइट (माखलीच्या नात्यातल्या, नामशेष झालेल्या सागरी प्राण्यांचे वेटोळे शंख) हातात दिले जातात, ते बहुधा कच्छमधून नाहीतर तमिळनाडूतल्या अरियलूरच्या बाजूनं आलेले असतात. कुणीतरी अभ्यास-सहलीत आणलेले, कुणीतरी निवृत्त होताना विभागाला दिलेले. लेबलं शाईनं लिहिलेली, कधी दगडाला चिकटलेली, कधी नुसती खोक्याच्या तळाशी पडलेली.

हे प्रकरण अशाच एका खोक्याचं आहे. माणसांची आणि संस्थेची नावं गाळली आहेत. कच्छमध्ये बरीच वर्षं नोकरी केलेल्या एका गृहस्थांच्या पश्चात त्यांच्या घरून आमच्या विभागात एक लाकडी खोकं आलं. आत अमोनाइटचे काही तुकडे, एक-दोन बेलेम्नाइट (माखलीसारख्याच प्राण्यांचे गोळीच्या आकाराचे जीवाश्म), दगडाच्या चकल्या, म्हणजे निसटलेल्या कपच्या, आणि एकच लेबल: 'मॅक्रोसेफॅलाइटिस, कॅलोव्हियन, कच्छ', म्हणजे प्राण्याचं नाव, ज्युरासिकमधला एक काळखंड आणि ठिकाण. त्याच संग्रहातला सर्वांत देखणा नमुना मात्र खोक्यात नव्हता, तो घरच्या देवघरात होता. तळहाताएवढा, अर्धा अजून चुनखडकात रुतलेला. घरचे त्याला शाळिग्राम म्हणत. गंडकी नदीतले शाळिग्राम म्हणजे काळ्या शेलमधल्या गाठी आणि हा तर तपकिरी चुनखडक. पण दोन्हीकडे आत असतो तो अमोनाइटच. त्यामुळे नावावरून वाद घालायचं काही कारण नव्हतं.

त्या गृहस्थांची नात आमचीच विद्यार्थिनी. विभागाच्या प्रदर्शनात हा नमुना ठेवावा ही तिची इच्छा. आजी तयार झाल्या, अट एकच घातली: "धुवा, पुसा, फोटो काढा. पण त्याला हत्यार लावायचं नाही, आणि परत आणून द्यायचा."

अडचण नेमकी कुठे होती

प्रदर्शनासाठी भिंतीवर काळाचा पट्टा आखायचा होता आणि प्रत्येक नमुना त्या पट्ट्यावर आपल्या जागी बसवायचा होता. म्हणजे दोन गोष्टी हव्या होत्या: प्राण्याचं नाव आणि वय. लेबलानं दोन्ही देऊन टाकलं होतं. घेऊन चिकटवलं असतं तर कुणी विचारलंही नसतं.

शंका आली ती रंगावरून. कच्छच्या 'चारी' नावाच्या शैलसमूहात, म्हणजे खडकथरांच्या गटात, कॅलोव्हियन काळातला 'सोनेरी ऊलाइट' प्रसिद्ध आहे, कीरा आणि जुमारा इथल्या घुमटाकार टेकड्यांमध्ये तो छान उघडा पडलेला दिसतो. ऊलाइट म्हणजे बारीक गोल दाण्यांचा चुनखडक. प्रत्येक दाण्याभोवती थरावर थर चढलेले असतात आणि इथे त्यावर लोहाचा मुलामा असतो, म्हणून उन्हात धरला की दगड सोन्यासारखा चमकतो. देवघरातल्या दगडातही दाणे होते, पण तो चमकत नव्हता. ताज्या तुटीवर हिरवट करडा, बाहेरून तांबूस तपकिरी. असा दगड चारीच्याच माथ्यावर, 'धोसा ऊलाइट' नावाच्या थरात मिळतो आणि तो थर ऑक्सफर्डियन काळातला आहे, म्हणजे कॅलोव्हियनच्या पुढचा.

आता खरी गुंतागुंत. मॅक्रोसेफॅलाइटिस हा फुगीर, घट्ट वळलेला, बारीक कंगोरे असलेला अमोनाइट. कंगोरे बाहेरच्या काठावरून न तुटता पलीकडे जातात. धोसा ऊलाइटात मायाइटिस नावाची प्रजाती (जीनस, जिच्यात अनेक जाती येतात) सापडते, तीही फुगीर, तीही घट्ट वळलेली आणि तिचेही कंगोरे काठावरून अखंड जाणारे. दोघांचं कूळ वेगळं, काळ वेगळा, रूप मात्र जवळजवळ एक. याचा इतिहासही जुना आहे. कच्छचे अमोनाइट पहिल्यांदा नीट छापले गेले ते १८४० मध्ये, कॅप्टन ग्रँट यांच्या कच्छवरच्या प्रबंधाबरोबर; त्यांचं वर्णन सॉवर्बी यांनी केलं आणि 'माया' ही जाती तिथलीच. पुढे १८७३ ते १८७५ या काळात वागेन यांनी 'पॅलेऑन्टोलॉजिया इंडिका'मध्ये कच्छच्या शीर्षपादांचा (अमोनाइट ज्यात मोडतात त्या गटाचा) मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हे दोन्ही गट एकाच प्रजातीखाली होते. मायाइटिस ही स्वतंत्र प्रजाती स्पाथ यांनी १९२४ मध्ये केली. इतक्या जाणत्यांना जिथे वेळ लागला, तिथे खोक्यातल्या एका ओळीवर विसंबणं बरोबर नव्हतं.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. धोसा ऊलाइट हा 'दाटलेला' थर आहे. तिथे गाळ इतका हळू साचला की फार मोठा काळ थोड्याशा जाडीत कोंबला गेला. त्याच्या अगदी वरचा गोटेमिश्रित थर बऱ्याच ठिकाणी मीटरभरही भरत नाही आणि त्यात आधीच घट्ट झालेले दगड, त्यातल्या जीवाश्मांसकट, उकरले जाऊन पुन्हा पुरले गेलेले आढळतात. म्हणजे दगड ऑक्सफर्डियन ठरला तरी आतला प्राणी त्याहून जुना असू शकतो. दगडाचं वय आणि प्राण्याचं वय हे दोन वेगळे प्रश्न होते आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या पुराव्यानं मिळवायची होती.

समोरचे पर्याय

विद्यार्थ्यांनी सुचवलेला पहिला पर्याय 'कार्बन डेटिंग' होता. तो इथे लागूच होत नाही. कार्बन-१४ ची मजल साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत, आणि इथे गोष्ट कोट्यवधी वर्षांची. हे वर्गात एकदा स्पष्ट बोलून घेणं उपयोगी पडलं, कारण प्रदर्शनात येणारा दर दुसरा माणूस हेच विचारणार होता.

स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचा पर्याय जास्त विचार करायला लावणारा होता. समुद्राच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं प्रमाण काळानुसार बदलत गेलं आहे आणि बेलेम्नाइटच्या घट्ट कॅल्साइटात ते टिकून राहतं. खोक्यात बेलेम्नाइट होते. पण कॅलोव्हियन-ऑक्सफर्डियनच्या सुमारास हे प्रमाण गेल्या चोपन्न कोटी वर्षांतल्या सर्वांत खालच्या पातळीवर, ०.७०६८ च्या आसपास होतं. आलेखाच्या तळाशी वळण असलं की उतारावरचं आणि चढावरचं वाचन एकच येतं. म्हणजे नेमक्या ज्या दोन काळांत निवड करायची, तिथेच ही पद्धत अडखळते. शिवाय बेलेम्नाइट कुठल्या थरातले हेही माहीत नव्हतं. खर्च करून संदिग्ध उत्तर घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून हा पर्याय सोडला.

दगड दळून त्यातले सूक्ष्मजीवाश्म काढणं शक्य होतं, पण घट्ट ऊलाइटातून ते फार चांगले निघत नाहीत आणि दळायला दगड हवा होता. देवघरातल्या दगडाला हत्यार लावायचं नव्हतं.

राहिला जुना, खात्रीचा मार्ग: भोवतीचा दगड वाचायचा, प्राण्याचं शरीर वाचायचं आणि त्याच दगडात सोबत कोण आहे ते पाहायचं. एकोणिसाव्या शतकात ओपेल यांनी युरोपातल्या ज्युरासिक खडकांची अमोनाइटवरून झोनमध्ये, म्हणजे छोट्या कालपट्ट्यांत, विभागणी केली, तेव्हापासून हे चालत आलं आहे. ज्युरासिकमधला अमोनाइटचा एक झोन सरासरी दहा लाख वर्षांच्या आसपास भरतो. इतक्या जुन्या खडकासाठी ही बारीक मोजपट्टी आहे.

केलेली कामं: आधी दगड

क्रम ठरवताना चर्चा झाली. सहकाऱ्यांचं म्हणणं, आधी प्राणी ओळखू, मग दगड पाहू. माझा आग्रह उलटा होता. प्राणी ओळखताना लेबल डोळ्यांसमोर असतं आणि डोळा तेच पाहायला लागतो. दगडाच्या पातळ छेदाला लेबलाशी देणंघेणं नसतं.

खोक्यातल्या चकल्यांपैकी एक चकली देवघरातल्या दगडाच्या तुटीवर ठेवून पाहिली. कोपरा कोपऱ्यात, शिंपल्याचा अर्धा तुकडा उरलेल्या अर्ध्याला लागून नेमका बसला. म्हणजे ती त्याच दगडाची, कधीकाळी निसटलेली. आजींना ती दाखवून विचारलं. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "ही पूजेतली नाही. हिचं काय ते करा." आमचं अर्धं काम या एका होकारानं झालं.

चकलीचा पातळ छेद काढून ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लोहयुक्त, तपकिरी, थराथरांचे दाणे चुनखडीच्या बारीक चिखलात सुटे सुटे विखुरलेले होते, मध्ये वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे. तुलनेला खोक्यातल्या एका चमकदार तुकड्याचा छेद घेतला. त्यात दाणे एकमेकांना टेकून दाटीनं बसलेले आणि मधल्या फटी स्वच्छ कॅल्साइटनं भरलेल्या. पहिला शांत पाण्यात, किडे-शिंपल्यांनी ढवळलेल्या गाळात तयार झालेला. दुसरा लाटांनी धुऊन काढलेला. पहिला धोसा ऊलाइटाच्या धाटणीचा, दुसरा सोनेरी ऊलाइटाच्या. खोक्यात दोन वेगळ्या थरांचे दगड एकत्र आले होते आणि लेबल एकच होतं.

मग प्राणी

देवघरातला नमुना आम्ही फक्त मऊ ब्रश आणि साध्या पाण्यानं साफ केला. नाभीच्या, म्हणजे वेटोळ्याच्या मधल्या, खळग्यात आणि कंगोऱ्यांच्या खाचांत तांबडा थर होता. त्यातला काही लोहाचा होता आणि काही कुंकवाचा. पाण्यात विरघळून गेलं ते कुंकू, उरला तो दगडाचा स्वतःचा रंग. हे नोंदवणं गरजेचं होतं, कारण वरच्या गोटेमिश्रित थरातल्या जीवाश्मांवर लोहाचं कवच चढलेलं असतं आणि तसं काही इथे आहे का हेच तपासायचं होतं. ते नव्हतं.

वर्षानुवर्षांच्या स्नानानं आणि पुसण्यानं एका बाजूचं शिंपलं पूर्ण झिजलं होतं आणि आत भरून घट्ट झालेल्या गाळाचा साचा गुळगुळीत झाला होता. त्यावर शिवणरेषा आपोआप उघडी पडली होती. अमोनाइटचा शंख आतून पडद्यांनी कप्प्या-कप्प्यांत विभागलेला असतो आणि पडदा जिथे भिंतीला भिडतो ती शिवणरेषा. तिच्यावरून काळाचा पहिला अंदाज येतो. साधी नागमोडी रेषा बहुधा पुराजीव महाकल्पातली, म्हणजे सर्वांत जुनी; एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसरीकडून दातेरी असेल तर बहुधा ट्रायासिक; सगळीकडून फाटे फुटलेली असेल तर बहुतेक वेळा ज्युरासिक किंवा क्रिटेशियस. इथे पानाच्या शिरांसारखे फाट्यांना फाटे होते.

इथवर सोपं होतं. मॅक्रोसेफॅलाइटिस की मायाइटिस हे ठरवायला शिवणरेषेचा नाभीजवळचा भाग बारकाईनं पाहावा लागतो, आणि झिजलेल्या साच्यावरची रेषा मूळपेक्षा साधी दिसते. एका विद्यार्थ्यानं झिजलेल्या जागेवरून रेषा उतरवली तेव्हा ती कुठल्याच प्रजातीशी नीट जुळेना. नाभीच्या कडेला, जिथे बोट पोचत नाही, तिथे थोडी जागा न झिजलेली होती. तिथून तिरप्या प्रकाशात फोटो घेऊन रेषा पुन्हा उतरवली. ती मायाइटिसच्या छापील आकृत्यांशी जास्त जुळत होती. कंगोऱ्यांची ठेवणही त्याच बाजूला झुकत होती. पण एवढ्यावर नाव लिहायची माझी तयारी नव्हती, कारण दोन्ही प्रजातींत वयानुसार रूप बदलतं. लहानपणी कंगोरे ठळक, मोठेपणी पुसट होतात. शिवाय मोठा आणि छोटा असे दोन आकार असतात, बहुधा मादी आणि नर. एका नमुन्यावरून हा सगळा पसारा उलगडत नाही.

सोबतीचा पुरावा

निकाल लावला तो एका दुर्लक्षित तुकड्यानं. खोक्यात बोटभर लांबीचा, जाड कंगोऱ्यांचा तुटका भाग होता. वेटोळं चौकोनी, कंगोरे दुभंगलेले, मागे झुकून बाहेरच्या काठावरून पलीकडे गेलेले. हा पेल्टोसेराटॉइडिस, ऑक्सफर्डियनच्या सुरुवातीचा. त्याला चिकटलेल्या दगडाचा छेद देवघरातल्या दगडाच्या छेदाशी तंतोतंत जुळला. चमकदार सोनेरी तुकड्यात मात्र राइनेकिया होता: सैल वेटोळं, बाजूला गाठी, पाठीवर मधोमध खाच. तो कॅलोव्हियनचा. लेबलावरचा 'कॅलोव्हियन' बहुधा या दगडाच्या थरातून आलेला असावा.

पेल्टोसेराटॉइडिसचं आणखी एक महत्त्व आहे. मायाइटिस आणि त्याचे भाईबंद कच्छ, मादागास्कर, पूर्व आफ्रिका, हिमालय, इंडोनेशिया या पट्ट्यात सापडतात, युरोपात नाहीत. जगाची कालमोजणी मात्र युरोपातल्या झोनवर उभी आहे. दोन्हीकडे सापडणारा सोबती असला तरच इथला थर तिथल्या मोजपट्टीला जोडता येतो.

उरला प्रश्न पुन्हा पुरलं जाण्याचा. त्यासाठी दोन खुणा पाहिल्या. प्राणी राहायचा त्या शेवटच्या कप्प्यात भरलेला गाळ आणि बाहेरचा गाळ एकच आहे का? तुटीवर भिंगातून दोन्हीकडे सारखेच तपकिरी दाणे दिसले. आणि शंखावर उघडं पडून राहिल्याच्या खुणा, म्हणजे चिकटलेल्या कृमींच्या नळ्या, पोखरलेली भोकं, सर्व बाजूंनी झीज आहे का? झीज एकाच बाजूला होती आणि ती देवघरातली होती. दगडात रुतलेली बाजू धारदार होती. प्राणी त्याच गाळात पुरला गेला होता.

आकड्याचा निर्णय

सर्वांत जास्त वाद इथे झाला. भिंतीवरच्या पट्ट्याला आकडा हवा होता आणि एका सहकाऱ्यांनी '१६.२ कोटी वर्षं' असा मसुदा केला होता. अनेक वर्षं वापरात असलेल्या भूवैज्ञानिक काळाच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात ऑक्सफर्डियनची सुरुवात १६.३५ कोटी वर्षांपूर्वी होती, तेव्हा हा आकडा त्यात बसायचा. नव्या तक्त्यात तीच सीमा १६.१५ कोटींवर आली आहे आणि ऑक्सफर्डियन १६.१५ ते १५.४८ कोटी वर्षांपूर्वीचा झाला आहे. म्हणजे नमुना तोच, काळखंड तोच, पण १६.२ हा आकडा आज कॅलोव्हियनमध्ये पडतो. दगडात काहीच बदललेलं नसतं. सीमेचं वय राखेच्या थरांवरून, समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांवरून मोजलं जातं आणि ती मोजणी सुधारत राहते.

म्हणून लेबलावर आधी काळखंडाचं नाव, मग आकड्यांची मर्यादा आणि शेवटी तक्त्याचं वर्ष असा क्रम ठरवला. युरोपातल्या झोनचं नाव लिहायचं नाही हेही ठरलं. दाटलेल्या थरातल्या, मोजून न काढलेल्या नमुन्याला इतका बारीक पत्ता देण्याइतका पुरावा नव्हता. जातीचं नावही लिहिलं नाही. स्पाथ यांनी १९२७ ते १९३३ दरम्यानच्या पुनर्परीक्षणात या गटात बऱ्याच जाती पाडल्या, त्यांतला किती फरक जातीचा आणि किती एकाच जातीतल्या वैविध्याचा, हे एका झिजलेल्या नमुन्यावर सांगता येत नाही.

निष्पत्ती

प्रदर्शनातलं लेबल असं होतं: 'मायाइटिस, जाती अनिश्चित. धोसा ऊलाइट, चारी शैलसमूह, कच्छ. ऑक्सफर्डियन, ज्युरासिक. नेमकं स्थळ अज्ञात.' खाली आकड्यांची मर्यादा आणि तक्त्याचं वर्ष. जुनं लेबल फेकलं नाही. नव्याच्या शेजारी ठेवलं. राइनेकियाला त्याचं वेगळं लेबल मिळालं. मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो घेऊन नमुन्याची त्रिमित प्रतिकृती केली, विभागात तीच आहे. मूळ दगड नातीनं घरी नेऊन दिला.

पुन्हा करायचं झालं तर

धुण्याआधी फोटो आणि अवशेषांचा नमुना घेणं मी आता सक्तीचं करेन. कुंकू आणि लोह यांतला फरक आम्हाला पाण्यानं सांगितला, पण दुसऱ्या एखाद्या दगडावर तेल, शेंदूर किंवा वार्निश असेल तर पाणी काहीच सांगणार नाही आणि पुरावा वाहून जाईल.

खोक्यातल्या प्रत्येक तुकड्याला, अगदी चकल्यांनाही, पहिल्याच दिवशी क्रमांक द्यायला हवेत. जुळणारी चकली सापडली, कारण कुणी ती कचरा म्हणून टाकली नव्हती. बऱ्याच विभागांत असं खोकं 'नीटनेटकं' करताना आधी तेच होतं.

अजून एक शक्यता खुली आहे. 'मॅक्रोसेफॅलाइटिस म्हणजे कॅलोव्हियन' हे समीकरणही कच्छमध्ये पूर्ण खरं नाही. मॅक्रोसेफॅलाइटिस ट्रायअँग्युलॅरिस ही जाती तिथे त्याआधीच्या बाथोनियन काळात सापडते. खोक्यात फुगीर अमोनाइटचे आणखी दोन लहान तुकडे आहेत, त्यांचा दगड ना सोनेरी ना धोसाचा. ते सध्या 'मॅक्रोसेफॅलाइटिस?' अशा प्रश्नचिन्हासह वेगळ्या तबकात आहेत. त्यांना कापायला घरच्यांची हरकत नाही. कच्छच्या पुढच्या अभ्यास-सहलीत जुमाऱ्याला खालपासून वरपर्यंत थरवार दगडांचे नमुने आणायचे, त्यांचे छेद करायचे आणि मग या दोघांना त्यांच्याशी ताडून पाहायचं, असं ठरलं आहे.